सातवी खाच

बसा की पावणं, चहा येतोय. माझं नाव दत्तू, आमी पाथरवट, गाव जोतिबाच्या डोंगराखाली. बा माझा जाती घडवायचा, पाट्याला टाकी लावायचा, एखाद्या देवळाचा खांब मोडला तर त्याच्याजोगा दुसरा करून द्यायचा, आणि खांबाला उभ्या खाचा मारताना म्हणायचा, दत्त्या, आपण दगड कापत न्हाय, सावली कापतोय, खाच उथळ राहिली की सावली मरती, मार खोल. तेवढं एकच शिकलो बघा मी. खोल मारायला.

पुढं मिक्सर आलं, जाती-पाटे कोपऱ्यात गेले, आणि बा गेल्यावर मी बायकूला घिऊन कोल्हापुरात बांधकामावर मजुरीला आलो. नव्वद सालानंतरचा काळ. ज्याला त्याला बंगला पायजे आणि बंगल्याच्या दारात राजवाड्यागत खाचांचा खांब पायजे. गवंडी लोकं ओल्या गिलाव्यात लाकडाची पट्टी दाबायचे, झाली खाच. आमचे अण्णा, गुळाचे व्यापारी, सीमेकडचं माणूस, त्यांनी आपल्या नव्या बंगल्याच्या पोर्चचा खांब बघितला आणि म्हणाले, ह्या काय खाचा रे, भाकरीवर नखं वढल्यागत दिसतंय, सावली कुठं हाय? सावली म्हटल्यावर काय सांगू तुम्हाला, मला बा आठवला. म्हटलं अण्णा, मी पाडतो सावली. आणि वाळलेल्या खांबाला छिन्नी लावली.

दगडाच्या पोटात लोखंड नसतंय. आमच्या सात पिढ्यांना ते म्हाईत. ह्या सिमेंटच्या खांबाच्या पोटात असतंय, हे मला म्हाईत नव्हतं असं न्हाय, खरं किती आत असतंय ते कुणी सांगितलं न्हाय, आणि मी बी इचारलं न्हाय. नकाशा साहेबाच्या काखेत, छिन्नी आमच्या हातात. मजुराला नकाशा कोण दाखवतंय?

सातव्या खाचेला वाजलं. टण्.

बायकू माझी, शेवंता, खांबावर पाणी मारत हुती. म्हणाली, अवो, काय लागलं? म्हटलं, खडी लागली. खडी अशी वाजती व्हय? म्हटलं, गप बस, सिमेंट कालव. उघड्या पडलेल्या सळीवर बोटानं सिमेंट फासलं, वर घोटून काढलं. कुणाला दिसलं न्हाय. अण्णांनी वास्तुशांतीला सगळ्यांदेखत मला फेटा बांधला. तिथनं पुढं खाचेवाला दत्तू म्हणून गावभर कामं मिळाली.

पण त्यो आवाज काय गेला न्हाय बघा. ताटाला चमचा लागला की टण्. जोतिबाला गेलतो, कुणीतरी घंटा वाजवली, मी पायरीवरनंच माघारी फिरलो. शेवंता तर त्या पोर्चखालनं परत कधी गेली न्हाय. अण्णांनी सणाला बोलावलं तरी फाटकाबाहेर हुबी राहायची.

अण्णा म्हातारे झाले, पेढी पोराकडं गेली. रोज सकाळी त्याच खांबाला खुर्ची लावायची, पाठ टेकून पेपर वाचायचा. मी दिसलो की हाक, ये रे दत्तू, तुझ्या सावलीत बसलोय बघ. एका पावसाळ्यात सातव्या खाचेतनं गंजाची तांबडी रेघ उतरलेली दिसली, पान खाऊन ओघळ आल्यागत. मी काय केलं म्हाईत हाय? अण्णा आत चहा सांगायला गेल्यावर शर्टाच्या बाहीनं पुसली. लाज वाटती सांगायला. दोन पावसाळं पुसली.

शर्ट धुताना शेवंताला डाग दिसला. म्हणाली, रेघ बाहीनं पुसतासा, अण्णा गेलं तर ते कशानं पुसशीला?

तसाच उठून गेलो. अण्णा खांबाला टेकलेलं. म्हटलं, अण्णा, आदी तिथनं उठा. उठवलं, मग सगळं सांगितलं. त्यांनी मराठीत शिव्या घातल्या, त्या पुरंनात म्हणून कानडीत घातल्या, आणि मग म्हणाले, बघत काय राहिलास, टेकू आण, पळ! टेकू दिला, इंजिनेर आला, खांब फोडला. सळ्या बिस्किटागत हातात भुगा झाल्या. चारातली एक धड हुती.

आता तिथं गुळगुळीत खांब हाय. अण्णा त्याला टेकत न्हाईत, मी बी टेकत न्हाय. शेवंता तेवढी पोर्चखालनं जाती.

मी फेटा परत द्यायला गेलो तर अण्णा म्हणाले, ठेव, आणि गावभर खाचा मारलेलं बाकीचं खांब मोज. मोजलं की. आठवतील तेवढं एकतीस. तिथं आवाज आला नव्हता असं वाटतंय, खरं कान काय, मालक शाबास म्हणत असला की भैरा हुतोय. म्हणून दर पावसाळ्यात एकेका दारात जातो, खाचांतनं बोट फिरवतो. कुणी हुसकावतं, कुणी कुत्रं सोडतं. सोडू दे. जोतिबा सगळ्यांची छपरं राखू दे.

चहा घ्या, गार झाला. आणि पावणं, तुमचं घर कुठं म्हणालासा? दारात खांब हाय काय?