खुर्ची टेकेल असं गवत

बियाण्यांच्या दुकानात हिल्डा रांगेत उभी होती. पुढे विल्फ्रेडकाका, गल्ल्यावर नोरा. त्यांचं लॉन असं, की कावळासुद्धा पाय पुसून उतरायचा.

"नोरा, खुर्चीच्या पायांनी खड्डे पडणार नाहीत असं गवत दे."

"रायग्रास न्या, दणकट गवत असतं. पण काका, तुमच्या लॉनवर खुर्ची?"

"आमच्या हिला, एडिथला, तिथं बसून चहा प्यायचा असायचा. चाळीस वर्षं मी नाही म्हटलं. गवत कापताना काढलेले सरळ पट्टे मोडतात ना."

"आणि आता?"

"गुरुवारी हॉस्पिटलातून आणतोय तिला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा."

"काका, हे उगवायलाच दहा दिवस लागतात. आहे त्याच लॉनवर ठेवा की खुर्ची."

"बागेतली खुर्ची आम्ही कधी घेतलीच नाही गं. तुझ्याकडे मिळेल?"

"एक?"

"दोन दे."