तिसऱ्या दिवसाच्या पेशी

लिफ्टच्या रांगेत आजोबांच्या पुढे प्रयोगशाळेतल्या दोघी उभ्या होत्या.

"सगळ्या फेकल्यास?"

"उंदराच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी होत्या. मोठ्या उंदराच्या पेशीत असतात तशी आत एकही नळी दिसेना. वाटलं, नासल्या."

"पिल्लू केवढं?"

"तीन दिवसांचं."

"अगं, इतक्यात कुठल्या नळ्या? दुसऱ्या आठवड्यात पेशीचा पापुद्रा आत वळायला लागतो, तेव्हा होतात."

"तोवर हृदय चालतं कसं?"

"चालतं की. एवढ्याशा पेशीचं नळ्यांवाचून काही अडत नाही."

"म्हणजे चांगल्याच फेकल्या मी."

"घाई नडली तुला."

लिफ्ट आली.

"आजोबा, कितवा मजला?"

"चौथा. नात काचेच्या पेटीत आहे, आज तिसरा दिवस. मुलगा म्हणतो, जगते की नाही कोण जाणे, इतक्यात नाव ठेवायला नको. सकाळी मीही मान डोलावली."

"मग?"

"आता वर गेलो की ठेवतो."