ड्रमची माळ

"नावघाटावर लेकराले घेऊन उभी राहू नको, लाटेनं फळ्या हालतेत," असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा देवश्रीनं ते हसण्यावारी नेलं होतं. आज बालाघाटहून निघालेल्या बसमध्ये तिच्या पुढच्या सीटवरचं म्हातारं जोडपं धरणावरच्या त्याच घाटावरून भांडत होतं.

"लाट अडवाले दगडाचा बांधच घाला."

"उन्हाळ्यात पाणी उतरलं का बांध राहते वर अन् नावा खाली. रिकाम्या ड्रमची तरंगती माळ पाण्यासंगच उतरते, रुख्मा."

"ते बांधाले पाण्यात कोण जाईन?"

"मीच."

"आताच डागदर काय म्हणे? छाती सांभाळा म्हणे ना?"

"तू काठावरून दोर धर. तुह्या हातून काही सुटत नाही."

"हौ, जलमभर तुमालेच धरून राह्यली."

तुम्ही कधी त्या धरणाकडे गेलात, तर रुख्माबाईंचे म्हातारबा पाण्यात उतरले नाहीत ना, तेवढं बघून या.