लगतचे कब्जेदार

गेणबा : पन सायेब, एका चुलीवरची भाकर खानाऱ्या दोगांत मोजणी लावत्यात व्हय कुटं?

साहेब : माझ्या कागदावर चूल नाही, गेणबा. अर्जदार द्वारकाबाई. लगतचे कब्जेदार, पूर्वेला कुंडलिक, पश्चिमेला तुम्ही. नोटीस पोचली होती ना?

गेणबा : पोचली की. हिनंच आणून दिली, च्याबरुबर.

द्वारकाबाई : पोस्टमननं दोन दिल्या. एक अर्जदाराची, एक ह्यांची. सही केल्याबिगर बशी दिली न्हाय म्या.

साहेब : तक्रार काय ती तुमच्या तोंडून सांगा, बाई.

द्वारकाबाई : गेल्या साली गावात सभा झाली, बायकांची नावं सातबाऱ्यावर लावा म्हनून. तितं ह्यांनी उठून माज्या नावावर एक एकर केलं.

गेणबा : अकरा जण उठलं व्हतं, सायेब. बारावा मीच बसून राह्यलो असतो तर बरं दिसलं असतं का? शाल दिली, नारळ दिला.

द्वारकाबाई : नारळ ह्यांनीच खाल्ला. सातबारा माजा. चाळीस गुंठं. त्यात म्या वांगी लावली, तेवीस सऱ्या. परवा मोजल्या तर एकवीस. दोन सऱ्या ह्यांच्या उसात गेल्या.

गेणबा : वांगी काय चालत जात्यात व्हय उसात?

द्वारकाबाई : जाऊन बसल्यात की. ते बगा सायेब, उसाच्या बुडाला जांभळं जांभळं लोंबतंय.

साहेब : गेणबा, तुमच्या उसाला वांगी लागलीत.

गेणबा : ते... आंतरपीक हाय.

द्वारकाबाई : देठापशी माज्या हातची सुतळी बांधलीया त्या आंतरपिकाला.

गेणबा : आता नांगरताना तास जरा हिकडं-तिकडं व्हतोच. बैलाला सवय हाय, बांधाकडं अंग टाकायची.

द्वारकाबाई : बैल इकून तीन वर्सं झाली. ट्रॅक्टर हाय. भाड्याचा.

गेणबा : मग त्याला कुनी लावली सवय, ते डायवरला इचारा. सायेब, तुमी कळंबच्या अप्पांचं चिरंजीव न्हवं? आमचं लई जुनं हाय. अप्पा आन मी कारखान्याच्या गेटवर एका रांगंत उभं ऱ्हायलोय.

साहेब : काल सांगितलं मी त्यांना, गेणबांची मोजणी आहे म्हणून.

गेणबा : मग? काय म्हनलं अप्पा?

साहेब : म्हणाले, बुद्धघोषा, साखळी दोनदा लाव.

(साखळी घेतलेला शिपाई पूर्वेच्या, कुंडलिकच्या बांधाकडं चालू लागतो. गेणबाचा सगळा जीव इतका वेळ पश्चिमेच्या बांधात अडकलेला. तो तिथून सुटतो आणि शिपायाच्या आधी पूर्वेला पोचतो.)

गेणबा : अवो, तिकडं कशाला? भांडान हिकडं हाय!

साहेब : मोजणी गटाच्या मूळ दगडापासून सुरू होते. नकाशात या कोपऱ्यावर हद्दीचा दगड आहे. कुठाय?

गेणबा : व्हता.

द्वारकाबाई : आमच्या न्हाणीत हाय. त्याच्यावर बसून आंगुळ करत्यात ह्ये, रोज.

साहेब : सरकारी दगडावर?

गेणबा : गुळगुळीत हाय. आन सायेब, चोळून ठेवलाय, रानात असता तर शेवाळ धरलं असतं.

साहेब : ओढ्याच्या कडेला दुसरा दाखवलाय. तो?

गेणबा : त्यो लई जड हाय.

साहेब : म्हणजे जागेवर आहे. चला, तिथून धरू.

गेणबा : सायेब, ऊन लई झालं. कुंडलिक बगा कसा चिंचेखाली बसलाय, शेजाऱ्यालाबी तरास. फुडच्या महिन्यात करू की.

द्वारकाबाई : बसू द्या त्याला. मजेत हाय. घरनं घोंगडं घिऊन आलाय बसायला.

(ओढ्याच्या दगडापासून मोजणी होते.)

गेणबा : सायेब? झालं का? दोनदा लावली न्हवं साखळी?

साहेब : तीनदा लावली. कुंडलिकांचे तीन गुंठे तुमच्या बाजूला आलेत.

गेणबा : माज्या न्हाय. तिकडचं समदं हिच्या नावावर हाय.

द्वारकाबाई : थांबा. सायेब, म्हंजी ह्यांनी मला जे चाळीस दिलं, त्यातलं तीन कुंडलिकचं?

साहेब : हो.

द्वारकाबाई : म्हनून मला कडंचं दिलं व्हय! मला वाटलं, काळी जमीन हाय म्हनून दिलं. घरी जाऊन देवाम्होरं साकर ठेवली म्या.

गेणबा : अगं, बाईमानसाच्या नावावर असलं की कुंडलिक कोरटात जात न्हाय, येवडाच इचार केला. सातबाऱ्यावर काय डाग हाय का?

द्वारकाबाई : त्याची बानूबाई मला रोज तांब्याभर ताक देती. तिच्याच रानात उभी राहून पितीया मी ते, आन तिला ठाव न्हाय, मला ठाव न्हाय. सायेब, त्यांचं तीन त्यास्नी लावा. आत्ताच लावा.

साहेब : मग तुमच्याकडे पस्तीस उरतात. दोन गुंठे आधीच उसात आहेत.

द्वारकाबाई : सातबाऱ्यावर किती हायत?

साहेब : चाळीस.

द्वारकाबाई : मग चाळीस भरा. पश्चिमेला मोप जागा हाय.

गेणबा : अगं, तिकडं मी हाय!

द्वारकाबाई : लगतचे कब्जेदार.

साहेब : हद्द सरकते. उसातून, ही अशी सरळ, विहिरीच्या काठाला लागून. विहीर गेणबांकडेच राहते.

गेणबा : बगा! देवाला डोळं हायत.

साहेब : मोटरीची पेटी मात्र अर्जदारांच्या हद्दीत येते. साडेतीन हात आत.

गेणबा : थांबा. हीर माजी, पानी माजं, मोटर माजी. आन बटण हिचं?

साहेब : खांबही त्यांचाच.

गेणबा : पेटी हलवू. त्यात काय!

द्वारकाबाई : हलवा की. लाईटीच्या हाफिसात अर्ज करा. कुंडलिकनं केल्याला तिसरं वरीस चालू हाय.

साहेब : लगतच्या कब्जेदारांना मोजणी मान्य आहे का? सही इथं.

गेणबा : आन न्हाय म्हनलं तर?

साहेब : फेरमोजणी. मग कुंडलिकांच्या बाजूनं ओढ्यापासून रस्त्यापर्यंत सगळा बांध.

गेणबा : पेन द्या.

साहेब : बाई, तुम्ही इथं. अंगठा का सही?

द्वारकाबाई : सही. आमच्या छकुलीनं शिकवलीया. जरा येळ लागंल, गडबड करू नका. ...झाली.

साहेब : दगड पुरून जातो. न्हाणीतलाही द्या पाठवून. येतो, गेणबा.

गेणबा : अप्पांस्नी नमस्कार सांगा. साखळीचं काय सांगू नका.

द्वारकाबाई : लाईट आली.

गेणबा : आली व्हय.

द्वारकाबाई : पेटीवरचा दिवा लागलाय.

गेणबा : ऊस लई सुकलाय गं. आट दिस पानी न्हाय त्याला.

द्वारकाबाई : दिसतंय की.

गेणबा : द्वारका... येऊ का आत?

द्वारकाबाई : या. आदी हिकडचं भिजू द्या.