संत्र्याची साखर

...आणि वर मलाच विचारतात, "हात धुतले होते का?" अहो, मी काय जेवायला बसलो होतो?

तुम्हाला सांगतो, घड्याळजी माणूस मी! जन्मभर लोकांची घड्याळं लावून दिली. दंडावर हे साखर मोजणारं बटण चिकटवलंय ना, दिवसभर मोबाइलवर आकडे पाठवतं... त्या दिवशी म्हणालं, एकशे चाळीस. मला संशय! म्हटलं, मागे पडलं असणार. संत्रं सोलत होतो, तसंच बोट टोचलं, थेंब पट्टीवर... दोनशे नव्वद! पकडला की नाही चोर? लगेच तो आकडा मोबाइलमध्ये घातला, बटणाला आणलं वळणावर, आणि त्याच हिशेबानं इन्शुलिन टोचून मोकळा! हात धुतले होते का? नव्हते हो! बोटाला संत्र्याचा रस! साखर मोजली संत्र्याची आणि औषध घेतलं मी!

पुढे काय, माझी साखर चालली तळाला, आणि बटण बिचारं, मी पढवल्याप्रमाणे, सगळं ठीक म्हणतंय! मी खुर्चीत घामाघूम. ही समोर पडदे शिवत होती. म्हणते, "अहो, या भिंतीला जांभळा रंग देऊ या?"

मी म्हणालो, "देऊ या."

हिचा हात थांबला. "आणि माझ्या भावाला महिनाभर राहायला बोलावू?"

"बोलाव ना."

झालं! उठलीच! "जळलं मेलं ते बटण! हे दोनदा 'हो' म्हणाले, यांचं काही खरं नाही!" माझा हात धुतला, खसाखसा पुसला, बोट टोचलं... अठ्ठेचाळीस! साखरपाणी पाजलं, घाईघाईत अर्धं माझ्या शर्टावर. हळूहळू मला सुधरलं, आणि पहिलं वाक्य काय बोलावं मी? "महिनाभर कशाला? चार दिवस पुरे!"

तशी ही रडता रडता हसली, "आले बाई, ठिकाणावर आले!"

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, हात धुतले होते का? वर म्हणाल्या, "बटण बरोबरच होतं, तुम्ही बिघडवलंत!" म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! कबूल. आता कोपरापर्यंत धुतो. बटणाशी भांडण मिटलं. पण खरं सांगतो, आज तुमच्यासमोर बडबडतोय तो हिच्यामुळे, हे उपकार फिटायचे नाहीत...

फक्त पंचाईत एकच. हिचं म्हणणं मनापासून पटलं, तरी आधी भांडावं लागतं. नुसतं "बरं" म्हटलं, की ही बोट धरते आणि टोचते!