त्या दिवशी माईक चालूच राहिला

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय बिशपसाहेब, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळकसाहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, मंडळीचे वडीलजन, सचिवसाहेब, महिला मंडळाच्या भगिनी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागे ताटकळत उभे असलेले माझे बंधू, आपणा सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

मला मंचाची सवय नाही. माझा धंदा पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचा, आणि या मंडळीत माझी जागा मागच्या कोपऱ्यात, आवाजाच्या मशीनपाशी. सगळे मला माईकवाले म्हणतात. माझ्या सासूबाईसुद्धा तेच म्हणतात. सचिवसाहेब म्हणाले, चार गोड शब्द बोला. मी गोड बोलण्याबद्दल प्रसिद्ध नाही हे ठाऊक असूनही त्यांनी मला उभं केलं, याला विश्वास म्हणायचं की हलगर्जीपणा, ते नंतर बघू.

पाळकसाहेबांचे गुण आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहेत. मी एक दोष सांगतो. हा माणूस प्रवचनाआधी माईकवर बोटाने टकटक करतो. किती वेळा सांगितलं, साहेब, माझ्या कानाचे पडदे फाटतात. पण ऐकतील तर शपथ.

असो. गेल्या आठवड्यात साहेब माझ्या दुकानात आले. स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सगळ्यांसाठी काही ना काही करता आलं हो. तुमच्या घराला मात्र मी काहीच देऊ शकलो नाही. ते ओझं घेऊनच चाललोय." समोर गिऱ्हाईक होतं. मी नुसतं हूं केलं. साहेब गेले, आणि त्या दिवशी माझ्या हातून एक चांगला पंखा बिघडला.

म्हणून आज बोलतो. आमची धाकटी तुम्हाला आठवत असेल. गायनमंडळात पुढच्या रांगेत असायची. तिला साधा ताप आला. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, शेवटपर्यंत त्या तापाला नावसुद्धा मिळालं नाही. "पप्पा, शनिवारी सरावाला मला गाडीवर सोडाल ना?" असं विचारत होती पोर. अख्ख्या मंडळीने उपास-प्रार्थना केली. तुम्ही केलीत, मी केली. मग देवाने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं? मला सांगा, बापाने काय समजायचं?

लोक भेटायला आले. मायेनेच आले, मला कुणाला बोल लावायचा नाही. एक बाई म्हणाल्या, देवाला चांगली माणसं लवकर आवडतात. मी म्हटलं, मग आम्हाला काय टाकाऊ म्हणून ठेवलंय? त्या बिचाऱ्या चहा न घेताच उठल्या.

अंत्यविधीच्या दिवशी साहेबांनी संदेश दिला. सुरेख होता. देवाची योजना, देवाचं प्रेम, सगळं होतं त्यात. मी पहिल्या बाकावर तिच्या शवपेटीशेजारी बसलो होतो आणि त्यातलं अक्षरसुद्धा माझ्या आत जात नव्हतं. उपासना संपली. पेटी उचलण्याआधी साहेब मागच्या खोलीत गेले, जिथे ते झगा बदलतात तिथे. कॉलरला माईक तसाच होता. एरवी ते मंचावरून उतरले की मी माईक बंद करतो. पण त्या दिवशी मी मशीनपाशी नव्हतो, मी बाप म्हणून पुढे बसलो होतो.

साहेब, मान खाली घालू नका. आज पहिल्यांदा कळतंय तुम्हाला, मला माहीत आहे. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, आणि आजवर कुणी तुमच्याजवळ अवाक्षर काढलं नाही. त्या खोलीचं दार जाड आहे, तुम्हाला बाहेरचं काही कळायचं नाही.

आधी रडणं ऐकू आलं. मग तुमचा आवाज. "प्रभू, मी बाहेर बोललो ते मला तरी कळलं का? का नेलंस तिला? तिचा बाप माझ्याकडे बघतो, त्याला काय सांगू? बोल ना. तू बोलत का नाहीस?"

सचिवसाहेब घाईघाईने मशीनकडे गेले आणि बटण दाबलं. आवाज वाढला. हसू नका, त्यांची काही चूक नाही, ती बटणं माझ्याशिवाय कुणाला समजत नाहीत. मी उठायला लागलो, तर बायकोने माझा हात धरला. पोर गेल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "अहो, बसा. ऐकू द्या मला."

देव काही बोलला असेल तर ते माईकमध्ये आलं नाही. नंतर नळ सुटल्याचा आवाज, आणि तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बरं. नको सांगूस. पण माझ्याबरोबर बाहेर चल. मला त्यांच्यासमोर जायचंय."

आणि तोंड पुसून तुम्ही बाहेर आलात आणि पेटीला खांदा दिलात.

त्या रात्री आमच्या घरी, पोर गेल्यापासून पहिल्यांदाच, बायकोने प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडलीच ती. कडाकडा भांडली. आजही भांडते, मीही भांडतो. का नेलं, ते आम्हाला अजून कळलेलं नाही, आणि कळलंय असं सांगणाऱ्या माणसाचा मला आजही राग येतो. पण साहेब, आम्ही बोलणं टाकलं असतं. देवाशी कायमचं टाकलं असतं. तुम्ही त्या संदेशातल्या उत्तरावरच थांबला असता तर नक्कीच टाकलं असतं. तुमच्यापाशीही उत्तर नव्हतं आणि तरी तुम्ही त्यालाच विचारत होता, म्हणून आम्ही विचारत राहिलो. काहीच दिलं नाहीत म्हणता? ते ओझं इथेच ठेवा आणि हलके होऊन जा.

वहिनी, यांची काळजी घ्या. संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, मान द्यायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. देवाबद्दल जे बोललो, त्याची माफी मात्र मी आज मागत नाही. त्याच्याशी माझं बोलणं अजून चालू आहे.