गिरपीत साहेबाची हाळी

— कागद ठिवा की खाली, आदी बसा तर खरं. हैद्राबादहून पालमला यष्टीनं आलात म्हंजी कंबर ढिली झाली असंल. कोळशाच्या खाणीतल्या विंग्रज इंजिनेरांचं बुक लिहायलात व्हय? मंग गिरपीत साहेबाचं ह्या उमाजी धनगरालाच इचारा, पंधरा वर्सं त्याच्या म्होरं कंदील धरला मी. हुशार? लय — काठीनं छत ठोकायचा अन् म्हणायचा हितं टेकू लावा, तिथंच लागायचा. पर जीभ जड. मराठीची हौस दांडगी, मेव्हणीला मेंढी म्हणायचा. माज्या कासाबाईच्या बहिणीची इचारपूस करायची तर, “उमाजी, तुजी मेंढी बरी हाय का?” ती रुसायची, आमी हसायचो.

एक दिस म्हणला, खाणीत धा मुलखाचे लोक, पळा म्हणायचं कुण्या भाषेत? तुजी मेंढरं एका हाळीत ऐकतेत, ती शिकव. शिकवली. आता — पळवायची हाळी येगळी, जागीच थांबवायची येगळी. मी थांबवायची शिकवली. कामून? गंमत, दुसरं काय. साहेब घसा ताणून घोकायचा अन् मी तोंडावर पटका धरून हसायचो. सांगू उद्या, सांगू परवा — राहूनच गेलं. मंग एक दिस छत वाजलं, कोसळायच्या आदी वाजतं तसं. साहेबानं हाळी दिली. बाकीचे त्याचं तोंड बगूनच पळाले. माजा धाकटा भाऊ बिरू नवा हुता, आठ दिसामागं मेंढरं सोडून आलता — त्यानं हाळी ऐकली अन् जागीच हुभा राह्यला.

तपासात साहेब म्हणला, हुकूम माजा, कसूर माजा. माज्याकडं नुसतं बगितलं, नाव न्हाई काडलं. नौकरी गेली त्याची. तुमच्या कागदात बी तेच असंल, साहेब चुकला म्हून? खोडा ते. मी मारलं बिरूला. लिहा — पर ते बुक ह्या गावात आणू नका. बिरूची बायको, कोंडाबाई, माज्याच घरी ऱ्हाते. वीस वर्सं झाली, साहेबाला शिव्या द्यायली, अन् मी समोर बसून मान हलवायलो. तिला कळलं तर —

कामून थांबलात? माज्या मागं काय बगायलात?

…कोंडाबाई. तू तर शेरडं घेऊन रानात गेलतीस.

जावा तुमी आता. यष्टी चुकंल.